‘पुढे’ बटणाच्या पलीकडे

प्रश्न : मी शाळेत शिकवते. ऑनलाइन व्यावसायिक प्रशिक्षणाच्या इंटरॅक्शन डिझाइनमध्ये यायचं आहे. कोडिंग शिकावंच लागेल का?

उत्तर : सुरुवातीला नाही. स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेट या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड न लिहिताही बरंच काही उभं राहतं. टूल शिकणं तुलनेनं सोपं. विद्यार्थी नेमका कुठे अडतो हे हेरायची तुमची सवय जास्त मोलाची आहे. स्कॉर्म मात्र समजून घ्या. कोर्स आणि एलएमएस (जिथे कोर्स चालतो आणि शिकणाऱ्यांच्या नोंदी राहतात ती प्रणाली) एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात, ते हे. 2001 सालचं स्कॉर्म 1.2 अजूनही वापरात आहे आणि त्यात शिकणारा कुठवर आला याची नोंद ठेवायला जेमतेम 4096 अक्षरांची जागा मिळते. फाटे फुटणारा लांबलचक प्रसंग रचलात तर ती भरून जाते आणि मध्येच थांबलेल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते. हे डिझाइन करतानाच ठाऊक हवं.

प्रश्न : माझं सगळं काम कंपनीच्या मालकीचं आहे. पोर्टफोलिओत काय दाखवू?

उत्तर : गोपनीय काम अजिबात नको. स्वतःचा एकच छोटा प्रसंग रचा. समजा, ग्राहक फोनवर चिडून पैसे परत मागतोय आणि ऑर्डरचा नंबर जुळत नाही. तीन पर्याय द्या, तिन्ही पटण्यासारखे. (एक शहाणा आणि दोन मूर्ख पर्याय असतील तर विचार कोण करणार?) निवड केल्यावर लगेच ‘चूक’ म्हणू नका, ग्राहकाचं पुढचं वाक्य ऐकवा. माझ्या लेखी इंटरॅक्शन ते हेच. ‘पुढे’ दाबणं किंवा चौकटी ओढून जागेवर ठेवणं हा बहुतेक वेळा बोटांचा व्यायाम असतो. शिवाय प्रत्येकाला माउसनं ओढणं जमतंच असं नाही. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या 2023 च्या 2.2 आवृत्तीनुसार ओढण्याला साध्या क्लिकचा पर्याय द्यावा लागतो.

मग चारपाच जणांना तो प्रसंग वापरायला द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. पहिला आराखडा, ते कुठे अडखळले आणि त्यावरून तुम्ही काय बदललंत, हे सगळं मांडा. मुलाखत घेताना मी चकचकीत पडद्यांआधी हेच शोधतो.

प्रश्न : पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा निवेदनातही वाचा, असा क्लायंटचा आग्रह आहे. ऐकू का?

उत्तर : नको. आकृती समजावताना तेच शब्द डोळ्यांना आणि कानांना एकदम दिले की शिकणं मंदावतं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. निवेदन ठेवा, पडद्यावर मोजके शब्द, आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी कॅप्शनचं बटण.