व्हायरस आणि प्रतिकारशक्तीच्या लढाईत शेवटी जिंकतं कोण?

कायमचं कोणीच नाही. मी सांगलीजवळ डेअरीत कामाला आहे, तिथं कधीकधी कल्चर म्हणजे विरजणाचे बॅक्टेरिया टाकून सहा-सात तास झाले तरी दही लागतच नाही, नुसतं पातळ पाणी, कारण फेज म्हणजे बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस शिरलेला असतो. पण चार-दोन बॅक्टेरिया वाचतात ना, ते त्या व्हायरसच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात आणि तोच परत आला की ओळखून कापून काढतात, यालाच क्रिस्पर म्हणतात, आणि हे २००७ साली दह्याच्याच बॅक्टेरियावर सिद्ध झालं, मला याचं फार अप्रूप वाटतं. मग फेजच्या डीएनएत त्याच तुकड्यातलं एखादं अक्षर बदललं की तो ओळखूच येत नाही, सुटला! काही फेज तर क्रिस्पर बंद पाडणारं प्रोटीनच घेऊन येतात. म्हणून डेअरीत कल्चर आलटून पालटून वापरावं लागतं.