रोज शंभर वेळा फेकूनही नेम का सुधारत नाही?

"एवढी मेहनत घेतोय, तरी जिथल्या तिथेच आहे. माझ्यात मुळातच काही कमी आहे का?" वाशीच्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हा प्रश्न सतत येतो. सीएच्या परीक्षेला पुन्हा बसणारी मुलगी विचारते, चाळिशीत गाणं शिकायला लागलेले गृहस्थ विचारतात. ज्याची हकिकत इथे सांगतेय त्याने तो डिस्क गोल्फबद्दल विचारला. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हीच हकिकत निवडली, कारण त्याच्या सरावात काय बिघडलंय ते अक्षरशः डोळ्यांना दिसत होतं.

वय ३६, ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी, राहायला खारघरला. कंपनीच्या कामासाठी काही काळ फिनलंडमध्ये होता. तिथे हा खेळ गावोगाव खेळला जातो, तिथेच त्याला त्याचं वेड लागलं. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मांडणी गोल्फचीच, पण काठी आणि चेंडू नाही. हाताने फ्रिसबीसारखी चपटी, गोल डिस्क फेकायची, आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली असते. जिथे डिस्क पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. फ्रिसबीच्या रचनेत सुधारणा करणाऱ्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच कल्पना.

हा फिनलंडहून परत येताना सुटी करता येणारी एक टोपली आणि पिशवीभर डिस्क घेऊन आला. रविवारी सकाळी चार-पाच मित्र जमवून खारघरच्या एका मोकळ्या मैदानावर खेळायचं, आणि एरवी रोज रात्री सोसायटीच्या मागच्या बाजूला, गाड्यांच्या पलीकडे, पटिंगचा सराव करायचा. पटिंग म्हणजे टोपलीजवळ आल्यावरची ती शेवटची, नेमाची फेक.

"रोज शंभर, मॅडम. ऑफिसमधून कितीही उशीर झाला तरी शंभर झाल्याशिवाय वर जात नाही." त्याने फोनवरचं कोष्टक दाखवलं. तारीख, फेकी, टोपलीत किती. ७१, ६८, ७४, ७०. कित्येक महिने आकडे त्याच पट्ट्यात फिरत होते. रविवारी मात्र टोपली सात-आठ मीटरवर आली की त्याची डिस्क हमखास चुकायची. गटातला एक कॉलेजचा मुलगा त्याच्यानंतर खेळायला लागला होता, आठवड्यातून फार तर दोनदा सराव करायचा, आणि याला हरवायचा. "त्याच्यात उपजतच आहे. माझ्यात नाही. तेवढं तुम्ही स्पष्ट सांगून टाका, म्हणजे मी सोडून देतो."

पहिल्या भेटीला त्याची बायकोही आली होती. ती म्हणाली, "खेळ सोडा असं मी कधीच म्हटलं नाही. पण रविवारी हे घरी येतात ते तोंड पाडूनच. मुलगी आता दारातच विचारते, बाबा आज हरलास का म्हणून."

तंत्र सांगणं माझं काम नाही, मी हा खेळ खेळत नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "काल ज्या चुकल्या, त्या कुठे गेल्या?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "चुकल्या म्हणजे... चुकल्या."

रोज तीसेक फेकी चुकत होत्या. त्या टोपलीच्या वरून गेल्या, खाली आपटल्या, डावीकडे गेल्या की उजवीकडे, यातलं काहीही त्याला सांगता येईना. टोपलीत पडलेल्यांची नोंद महिन्यांची होती. चुकलेल्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि सुधारायचं कसं हे तर त्या चुकलेल्या डिस्कच सांगणार होत्या.

पुढच्या वेळी मी त्याला सरावाचा व्हिडिओ आणायला सांगितला. त्याने दहा डिस्क कट्ट्यावर रचून ठेवल्या होत्या. पहिली टोपलीपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच दुसरी हातात. सलग दोन-तीन पडल्या की लय छान संथ असायची. एक चुकली की पुढची लगेच, आणखी जोरात. जबडा आवळलेला. डिस्क हवेत असतानाच मागचा पाय पुढे पडून तो निघालेला असायचा.

मी आवाज बंद करून तो व्हिडिओ त्याच्यासोबत पुन्हा पाहिला. "ही डिस्क तुम्ही कशासाठी फेकलीत?" एका चुकीनंतरच्या फेकीवर थांबवून विचारलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "आधीची पुसून टाकायला."

माझ्या मते त्याच्या सगळ्या अडचणीचं मूळ या उत्तरात होतं. तो मेहनत करत होता यात शंका नाही. पण चूक झाली की जे काही आत उसळायचं ते सहन होईना, म्हणून घाईने पुढची फेक. त्यामुळे चुकीकडे बघायला वेळच मिळत नव्हता. असं माणूस कितीही वर्षं करू शकतो. हात दमतात, शिकत काही नाही. अभ्यासाच्या बाबतीतही मी हेच बघते: गणित चुकलं की उत्तर बघून पटकन पुढच्या गणितावर जाणारी मुलं दिवसाला पन्नास गणितं सोडवतात आणि पेपरात तीच चूक पुन्हा करतात.

योगायोग असा की त्याच्या खेळाच्या नियमांतच औषध होतं. टोपलीपासून १० मीटरच्या आत फेकताना, डिस्क सोडल्यावर खेळाडूने आपल्या जागेमागे तोल पूर्ण सावरलेला दाखवावा लागतो, त्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. तसं न करणं नियमभंग आहे. हे त्याला पाठ होतं. रविवारी तो कसाबसा पाळायचाही. रोजच्या सरावात मात्र डिस्क सुटायच्या आधीच त्याचा तोल गेलेला असायचा. मी म्हटलं, नियम पाळूनच सराव करा, फक्त एक भर घाला: डिस्क जमिनीवर पूर्ण थांबेपर्यंत हलायचं नाही, आणि ती कुठे गेली ते मोठ्याने बोलायचं. "वर." "खाली." "उजवीकडे." मगच पुढची. आणि कट्ट्यावर दहा नाही, तीनच डिस्क. शंभरऐवजी तीस फेकी.

तीस ऐकून तो हबकला. "मग दिवस वाया गेल्यासारखं वाटेल मला." त्या तासाचा उरलेला वेळ आम्ही या वाक्यावरच घालवला. डिस्क जमिनीवर पडल्यावर ते चार-पाच सेकंद काय होतं? "लाज वाटते," तो म्हणाला. "मागे कोणी नसतं, वॉचमनसुद्धा नसतो. तरी वाटते." मग ऑफिसचं निघालं. गेल्या वर्षी बढती हुकली होती आणि का हुकली हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. "निदान खेळात तरी जेवढं घालू तेवढं मिळेल असं धरून चाललो होतो." शंभरचा आकडा त्याला सोडवत नव्हता तो यामुळे. मेहनत केल्याचा तो त्याच्याजवळचा एकमेव पुरावा होता. तो काढून घ्यायचा तर त्या जागी दुसरं काही द्यायला हवं होतं, नुसतं 'कमी करा' म्हणून भागणार नव्हतं.

म्हणून मी त्याला त्याच्याच आवडीचं काम दिलं: कोष्टक. फक्त त्यात आता टोपलीत पडलेल्यांचा रकाना नव्हता. चुकलेल्यांची दिशा आणि अंतर, एवढंच.

पहिले काही दिवस त्याला फार जड गेले. मेसेज यायचे, चिडचिड होतेय म्हणून. मी त्यावर समजूत घालत बसले नाही, "दिशा लिहिली का?" एवढंच विचारत राहिले. तीनेक आठवड्यांनी तो आला तो फोन पुढे करतच. पाच मीटरवरच्या चुका चहूकडे विखुरलेल्या होत्या. सात-आठ मीटरवरच्या मात्र बहुतेक सगळ्या उजवीकडे. हा उजव्या हाताने, बॅकहँड फेकतो, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन बाहेरच्या बाजूला. अंतर वाढलं की पोहोचणार नाही या भीतीने तो बोटं आवळून हाताचा जोर लावत होता, त्यामुळे डिस्क हातातून उशिरा सुटायची आणि उजवीकडे जायची. ही कारणमीमांसा त्याची आणि त्याच्या एका मित्राची, माझी नाही. मित्रानेच उपाय सांगितला: जोर मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन नेऊन काढायचा, हात सैल ठेवायचा. पुढचे कित्येक दिवस त्याने दुसरं काही बघितलंच नाही. फक्त पाय.

ज्याला तो 'आपण दबावाखाली कच खातो' असं नाव देऊन बसला होता, त्यातला मोठा भाग हा बोटांचा होता. स्वभावावर घेतलेले असे कितीतरी आरोप नीट नोंदी ठेवल्या की गळून पडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्याच्या सरावात आणखी एक गोष्ट खटकत होती. तो बहुतेक वेळा एकाच जागी, पार्किंगच्या एका रंगवलेल्या रेघेवर उभा राहायचा. तिथून टोपली पाच मीटर. तिथे डिस्क पडते, बरं वाटतं. यावर मी त्याला १९७८ सालचा केर आणि बूथ या संशोधकांचा प्रयोग सांगितला. मुलांना छोट्या पिशव्या नेमाने टाकायच्या होत्या. आठ वर्षांच्या मुलांमधल्या एका गटाने तीन फुटांवरच सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवर केला, तीन फुटांवर केलाच नाही. परीक्षा तीन फुटांवर झाली, आणि सरस ठरला तो दुसरा गट. बदलत्या अंतरामुळे दर वेळी अंदाज नव्याने बांधावा लागतो, आणि सामन्यात लागतं ते नेमकं हेच. त्याने रेघ सोडली. चार, आठ, सहा, पुन्हा चार, असं फिरत फेकायला लागला. टोपलीत पडणाऱ्यांचं प्रमाण लगेच घसरलं. घसरणारच होतं, ते मी आधीच सांगून ठेवलं होतं.

वाऱ्याचंही तसंच. सोसायटीच्या मागे इमारतीचा आडोसा, तिथे डिस्क सरळ जाते. उघड्यावर दुपारनंतर खाडीकडून वारा येतो. समोरचा वारा डिस्कला वर उचलतो, पाठीमागचा खाली दाबतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा, माणसांची वर्दळ नसलेल्या जागी, तो संध्याकाळी मुद्दाम वाऱ्यात पटिंग करू लागला.

दहा हजार तास सराव केला की कोणीही तरबेज होतो, हा मुद्दा त्यानेही काढला होता, बहुतेक सगळे काढतात. मानसशास्त्रज्ञ आंदर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर जो लेख लिहिला, त्यातून हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. तो सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, उंबरठा नव्हे. त्या लेखाचा भर होता तो सरावाच्या जातीवर: ठरवलेली एकच कमतरता, लगेच कळणारा परिणाम, पूर्ण लक्ष, आणि असा सराव थकवणारा असल्यामुळे मधे विश्रांती. तीस फेकींनंतर त्याचं डोकं शिणायला लागलं, तेव्हा मला बरं वाटलं.

आता त्या कॉलेजच्या मुलाबद्दल. उपजत काही नसतंच असं मी म्हणणार नाही. त्या मुलाचे हात लांब आहेत, आणि लहानपणापासून तो क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू फेकत आलाय, तो फायदा खराच. पण आमच्या तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर याने त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. डिस्क चुकली की तो मुलगा जागेवरच उभा राहून रिकाम्या हाताने तीच फेक पुन्हा करतो, मग निघतो. याने त्याला विचारलं, असं का करतोस? "काय चुकलं ते कळतं ना, दादा," एवढंच उत्तर आलं. ज्याचा राग राग केला त्यालाच विचारायला जाणं सोपं नसतं. त्या आठवड्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट, पटिंग नव्हे.

आकडे विचाराल तर सात-आठ मीटरवर त्याचं पटिंग सुधारलंय, तेही सावकाश. कॉलेजच्या मुलाकडून तो अजूनही बऱ्याच रविवारी हरतो. ऑफिसात त्याने वरिष्ठांकडे वेळ मागून बढतीबद्दल विचारलं. मिळालेलं उत्तर आवडलं नाही, पण निदान कारण कळलं.

गेल्या भेटीत त्याने नवी अडचण आणली. एकटा असताना डिस्क थांबेपर्यंत तो सहज उभा राहतो. मागे चार माणसं उभी असली की मात्र पाय आपोआप निघतो, घाई परत येते. म्हणून आता दर बुधवारी दोन मित्र सरावाला बोलवायचे, त्यांना पाठीमागे उभं करून गप्पा मारायला सांगायचं आणि त्यांच्यादेखत चुकून दिशा मोठ्याने सांगायची, असं ठरलंय. पहिल्या बुधवारी आवाजच फुटला नाही म्हणाला. पुढच्या बुधवारी कुजबुजला, "उजवीकडे."