नाशिकला समुद्र नाही, मग समुद्रातल्या प्लॅस्टिकवर इथं शिल्प कशाला?

सोसायटीच्या गणपतीत प्लॅस्टिक कचऱ्याचं कासव करायचंय, पण "नाशिकला समुद्र कुठंय?" म्हणून सगळे हसतात, असं तुम्ही लिहिलंय.

हसू द्या. अरबी समुद्र आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण गोदावरी त्याला पाठ दाखवून निघते. त्र्यंबकहून १,४६५ किलोमीटर वाहत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. कासव म्हणाल तर ऑलिव्ह रिडले त्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. तेच करा.

फक्त "रामकुंडावरची पिशवी थेट समुद्रात जाते" असा बोर्ड लावू नका. वाटेत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे, जायकवाडीचं धरण आहे. बरंचसं तिथंच गाळात बसतं. नांदूर मध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), म्हणजे आपला कचरा आधी तिथल्या पक्ष्यांच्या वाट्याला.

आता कामाचं. मी पहिलं कासव ग्लू गननं चिकटवलं होतं. एप्रिलचं ऊन, घाटावरचा दगड. दुपारी दोनला मान गळून खाली! आता सळईचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांची जाळी, आणि प्रत्येक तुकड्याला भोक पाडून बांधणीच्या तारेनं आवळतो. पाठीच्या कडांना ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या झकास बसतात, द्राक्षबागवाले फुकट देतात. वितळवायच्या भानगडीत पडू नका, पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो.

रंग तर अजिबात नको. त्याचे पापुद्रे सुटतात आणि आपणच नवा बारीक कचरा करून ठेवतो. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं छापील बाजू वर ठेवून लावा. लोक आधी आपल्या घरातलं पाकीट शोधतात, "अगंबाई, हे तर आमचंच दूध!" आणि मग थांबून बोलायला लागतात. नवीन प्लॅस्टिक विकत आणलं तर मात्र सगळा खटाटोप वाया. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर अँजेला हेझलटाइन पॉझी २०१० पासून अशी शिल्पं करतात, तीही किनाऱ्यावर वेचलेल्या प्लॅस्टिकचीच.

शेजारी पाण्याचं घमेलं ठेवा. त्यात बाटलीचं झाकण टाका, ते तरंगतं; त्याच बाटलीचा कापलेला तुकडा तळाला जातो. पाण्यावर दिसतो तेवढाच कचरा नसतो, हे पोरांना न सांगता कळतं. घमेल्यापासून हलत नाहीत ती.

विसर्जनानंतर तारा कापून झाकणं-बाटल्या वेगळ्या करा आणि भंगारवाल्याला द्या. माझी पहिल्या वर्षीची रंगवलेली झाकणं त्यानं घेतली नव्हती, ती अजून माळ्यावर आहेत.