लेक म्हणते युनोत जाणार, तुम्ही म्हणता जज हो

ताई, पत्र वाचलं. पोरगी चोवीस वर्षांची, यंदाच वकिलीची सनद मिळाली, ती म्हणते गोरगरिबांच्या हक्कासाठी काम करणार आणि पुढं युनोत जाणार, तुम्हाला वाटतं जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जजच्या भरतीची परीक्षा देऊन जज व्हावी, आणि यावरनं घरात रोज वाजतंय. खरं सांगू का, पुढच्या तीन वर्षांपुरतं तुमच्यात भांडणच नाही! मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ज्युनिअर जजच्या भरतीला तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, म्हणजे तुमच्या मनासारखं व्हायलापण आधी काळा कोट घालून कोर्टात उभं राहायलाच लागतंय.

तिच्या वाटेलापण तेच लागतं. तिकडं मास्टर्स करायला ब्रिटन सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप घ्या, फी, राहणं, विमान सगळं मिळतं, पण आधी दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात, आणि शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी परत यायची अट, त्यामुळं पोरगी तिकडंच राहील ही तुमची भीती थोडी कमी करा. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीपण बघा. कर्ज काढून आत्ताच परदेशात एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सला, मात्र पाठवू नका, हातात एकपण केस नसताना तिथं जाऊन सांगणार काय?

आणि काम शोधायला कोल्हापूर सोडून लांब जायला नको. इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार, बीडकडनं येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, पोटगीसाठी तारखेला येऊन बसणाऱ्या बायका. किमान वेतनाची एक केस शेवटपर्यंत चालवली की जिनिव्हाच्या आयएलओचे, म्हणजे युनोच्या कामगार संघटनेचे ठराव तिला पाठ करायला लागणार नाहीत, आपोआप कळतील. बायकांना, कामगारांना, कोठडीतल्यांना १९८७ च्या मोफत कायदेशीर मदतीच्या कायद्यानं उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. अशा केसेस घेणाऱ्या वकिलांच्या यादीवर, म्हणजे पॅनेलवर यायला तीन वर्षांची वकिली लागते, तोवर पॅनेलवरच्या एखाद्या चांगल्या सीनियरकडं तिनं ज्युनिअर म्हणून बसावं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे बाहेरगावी बसणारं खंडपीठपण कोल्हापुरातच बसतंय, आधी रिटसाठी, म्हणजे सरकारविरुद्ध थेट हायकोर्टात करायच्या अर्जासाठी, मुंबई गाठायला लागायची, आता दुपारी जेवायला घरी.

पैशाचं मात्र गोड बोलणार नाही. ज्युनिअरला सुरुवातीला मिळतात ते पेट्रोलला पुरले तरी खूप. तेव्हा महिन्याला किती देऊ शकता आणि किती वर्षं, हा आकडा आधी तिला सांगून टाका, जज का युनो ते नंतर बघू.