वही मिटून उजळणी
मॅडम, नव्याने रुजू झालात म्हणून सांगते: धडा पुन्हा वाचून घेण्यापेक्षा मुलांना आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. म्हणून कालच्या अपूर्णांकांवर दोन प्रश्न, आज तास सुरू होताच, वही मिटून, कोऱ्या कागदावर. तेच पुन्हा आठवड्याने. गुण देऊ नका, नाहीतर शेजारच्याच्या कागदात डोकावणं सुरू होतं. चुकलेलं उत्तर मात्र तिथल्या तिथे दुरुस्त करा. सुरुवातीला वर्ग चिडीचूप बसेल. घाईने तुम्हीच उत्तर सांगून मोकळ्या होऊ नका. आणि ‘बघून शिकणारे, ऐकून शिकणारे’ असे मुलांचे गट पाडत बसू नका, त्याला भक्कम पुरावा नाही.