तिसऱ्या दिवशी आजोबा का आले नाहीत?

“एवढ्याशा मुलांना शाळेत क्रुसावर चढवल्याच्या गोष्टी सांगतात. पोरगं रात्र रात्र झोपत नाही. शाळा बदलू का, मॅडम?”

मी लहान मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, आणि ईस्टर झाला की असा एखादा तरी फोन मला येतोच. पुण्यात मिशनच्या आणि कॉन्व्हेंटच्या शाळा पुष्कळ, आणि तिथे शिकणारी कितीतरी मुलं ख्रिस्ती घरातली नसतात. ईस्टर म्हणजे येशू मरणानंतर तिसऱ्या दिवशी उठला त्याचा सण; त्याआधीच्या पवित्र आठवड्यात वर्गात जे होतं, त्याचा घरी कुणाला पत्ता नसतो. मूल काहीतरी अर्धंमुर्धं बोलतं आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ही काळजी मी कधीच हसण्यावारी नेत नाही. पण गोष्टीने मूल घाबरलं, हे बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. गेल्या वर्षीचा एका मुलाचा अनुभव त्याच्या आईच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. घर रास्ता पेठेत, शाळा चालत दहा मिनिटांवर. ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं, मंगळवारीही तेच. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. रात्री तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. “काय करतोयस?” म्हटलं की “बघतोय.” काय बघतोय, ते सांगेना. आजीला मात्र एकदा म्हणाला, “येशू आला, मग बाकीचे का येत नाहीत?” तेवढ्यावरून आईने ठरवलं, हे सगळं शाळेचं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात वर्गात नेमकं काय झालं, हे आईला सांगता येईना. म्हणून तिची संमती घेऊन मी वर्गाच्या बाईंशी बोलले. बाई वीसेक वर्षं शिकवतात, मनापासून शिकवतात. सोमवारी त्यांनी नारळाच्या झावळीच्या पात्या वळून क्रूस करायला शिकवले, येशू गाढवावर बसून येरुशलेमात आला ती गोष्ट सांगितली. मंगळवारी मुलांनी माती आणली आणि प्रत्येकाने बेकरीच्या खोक्याच्या झाकणात एक बाग केली. बुधवारी एका चपातीचे तुकडे सगळ्यांनी वाटून खाल्ले. गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून बाईंनी खाली बसून, घमेल्यात पाणी घेऊन, एकेका मुलाचे पाय धुतले. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी. म्हणून गुरुवारच्या शेवटच्या तासाला वधस्तंभ आणि कबर हे दोन्ही पंधरा मिनिटांत उरकावं लागलं. खिळे-रक्त यांचं वर्णन बाईंनी मुद्दाम टाळलं होतं. जाताना प्रत्येकाला आपापली बाग घरी दिली आणि सांगितलं, “रविवारी सकाळी धोंड बाजूला करा आणि आत बघा. कबर रिकामी असेल.”

मराठी बायबलमध्ये कबरेच्या तोंडावरच्या दगडाला ‘धोंड’ म्हटलंय. मी नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले. हा शब्द कानावर पडला की मला अजून ईस्टरची पहाट आठवते, आजीने अंगावर गुंडाळलेली शाल आठवते. त्यामुळे तो मुलगा माझ्यासमोर बसून सहज “धोंड” म्हणाला, तेव्हा मी जरा दचकलेच.

पुढच्या भेटीला मी आईला ती बाग घेऊन यायला सांगितलं. ती टाकून द्यायच्या बेतात होती. पुठ्ठ्याच्या झाकणात काळी माती, वर पेरलेल्या हळिवाचे आता बोटभर उंच, एका अंगाला झुकलेले कोंब. आइस्क्रीमच्या काड्यांचे तीन क्रूस, त्यांतला एक कललेला. कोपऱ्यात उपडी घातलेली अर्धी करवंटी, तिला पुढून पाडलेलं भोक आणि भोकाशी टेकवलेला गोल गोटा. मी काही विचारलं नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून हळिवाला ड्रॉपरने पाणी घालत होतो. थोड्या वेळाने त्याने आपणहून गोटा सरकवला आणि आतून दोन बोटांनी एक पांढरं, चार भोकांचं बटण काढलं.

“कुणाचं रे?”

“आजोबांच्या सदऱ्याचं. आजीच्या शिवणाच्या डब्यात होतं.” मग बटणाकडे बघत म्हणाला, “रविवारी नसायला पाहिजे होतं. आहे.”

मी गप्प राहिले.

“बाबा आणि काका तिसऱ्या दिवशी गेले होते आणायला. पण आजोबा आधीच निघाले असतील. चुकामूक झाली.”

चुकामूक. स्वारगेटला किंवा तुळशीबागेत होते, तशी. म्हणून तो रात्री गॅलरीत उभा राहायचा. आजोबांना रस्ता सापडला तर कुणीतरी जागं असायला हवं.

नंतर आईवडिलांशी बोलताना एकेक धागा जुळत गेला. आजोबा जानेवारीत वारले होते. “लहान आहे, कशाला बघायला लावायचं” म्हणून मुलाला त्याच दिवशी मावशीकडे चिंचवडला पाठवलं. तेराव्यानंतर तो परत आला, तेव्हा आजोबांची कॉट हलवलेली होती. आई म्हणाली होती, “देवाघरी गेले.” मावशी म्हणाली होती, “लांब गावाला गेलेत.” आणि वडील फोनवर कुणाला तरी सांगत होते, “तिसऱ्या दिवशी सावडायला मी आणि दादा गेलो होतो.” सावडणं म्हणजे चितेची राख-अस्थी गोळा करणं, हे सात वर्षांच्या मुलाला कुठून कळणार? त्याने मोठ्या चुलत भावाला विचारलं. तोही लहानच, म्हणाला, “आजोबांना आणायला.” तीनेक महिने ते वाक्य पोराच्या मनात तसंच पडून होतं. शाळेत ‘तिसऱ्या दिवशी’ हे शब्द ऐकले आणि त्याने दोन्ही गोष्टी जोडल्या. त्याच्या जागी मी असते तर मीही जोडल्या असत्या.

मारिया नॅगी या अभ्यासिकेने बुडापेस्ट भागातल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी निघून जाणं किंवा झोपणं वाटतं, असं तिला आढळलं. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की साधारण पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना चार गोष्टी उमगायला लागतात: मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर पूर्ण थांबतं, त्याला काहीतरी कारण असतं, आणि हे सगळ्यांच्या वाट्याला येतं. म्हणजे मूल नेमकं हे समजून घ्यायच्या उंबरठ्यावर असतं, आणि आपण मोठी माणसं मायेपोटी त्याला “गावाला गेले”, “झोपले” असं सांगून मागे ढकलतो. गावाला गेलेलं माणूस परत येतं. झोपलेलं उठतं. मग मुलाने वाट बघितली तर त्याचं काय चुकलं?

हे बोलायचं कुणी, यावर त्या घरात बरीच चर्चा झाली. मी म्हटलं, वडिलांनी. सावडायला ते गेले होते. त्यांना ते जड गेलं. वडील गेल्यापासून ते कुणासमोर रडलेच नव्हते. शब्द आम्ही आधी ठरवून घेतले, साधे आणि खरे. “आजोबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते परत येणार नाहीत. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांची राख आणायला गेलो होतो, ती आळंदीला इंद्रायणीत सोडली. आमची आणि त्यांची चुकामूक झाली नाही.”

मुलाने विचारलं, “त्यांना भाजलं?”

हा प्रश्न येणार, हे मी सांगून ठेवलं होतं. वडील म्हणाले, “नाही. मेल्यावर शरीराला काहीच कळत नाही. दुखत नाही, भाजत नाही.” आणि मग दोघं रडले. त्या रात्री मुलगा एकदाच उठला, गॅलरीत न जाता वडिलांच्या शेजारी येऊन झोपला. पोटदुखी थांबायला आणखी दोन आठवडे लागले. अशा तक्रारी कमी न होता महिनाभर रेटत राहिल्या, तर मात्र समुपदेशकाकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं.

राहिला येशूचा प्रश्न. आईला वाटत होतं, त्याला “ती नुसती गोष्ट आहे” असं सांगून टाकावं. मी तसं सुचवलं नाही. ज्या बाईंनी त्याचे पाय धुतले त्यांना खोटं पाडून मुलाला काय मिळणार? मी म्हटलं, सांगा: “बाई आणि ख्रिस्ती लोक मानतात की येशू तिसऱ्या दिवशी उठला. आजोबांबद्दल आपण असं मानत नाही. आपण त्यांची आठवण अशी अशी करतो.” दोन घरांत दोन गोष्टी मानतात, हे मुलांना चांगलं समजतं. आणि खरं सांगायचं तर ख्रिस्ती घरांतही मला हेच सांगावं लागतं. आमचे आजोबा गेले तेव्हा पुढच्या रविवारी ते येणार नव्हतेच. पुनरुत्थानाची आशा म्हणजे येत्या रविवारचा वायदा नाही. शुभवर्तमानात येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू स्वतः रडला. येशू मेल्यावर त्याचं शरीर कुठे ठेवलं ते बायकांनी पाहिलं, त्या सुगंधद्रव्यं घेऊन आल्या. त्या गोष्टीत मरण कुणी लपवत नाही. लपवाछपवी आपल्या घरांत होते.

ज्यांना तरीही आपलं मूल अशा तासाला बसू नये असं वाटतं, त्यांनी मोकळेपणाने मुख्याध्यापकांना सांगावं. संविधानाच्या कलम २८ (३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. तो हक्क आहे. पण या मुलाला शाळा बदलून काही मिळालं नसतं. बटण तर घरातल्या डब्यातलं होतं.

ते बटण आजीने त्याच्या शाळेच्या सदऱ्याला आतल्या बाजूने शिवून दिलं. त्यानेच मागितलं.

बाईंना हे सगळं कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. चूक त्यांची नव्हती. घरी मयत झालेली शाळेला कळवलीच नव्हती. या वर्षी बागा घरी देण्याआधी त्यांनी वर्गात हळूच विचारलं, या वर्षात कुणाच्या घरी कुणी वारलं का. तीन हात वर झाले. एका मुलीची आई गेलेली, वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी बाईंचा मला फोन आला: “तिला आता काय सांगू?” बुधवारी मी शाळेत जाते आहे. त्याआधी तिच्या वडिलांना भेटायचंय.