अपडेट झालं आणि आवाज गेला

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. रात्री अपडेट झालं आणि सकाळपासून आवाजच नाही. खालच्या स्पीकरच्या चिन्हावर फुली दिसते. दोनदा बंद करून चालू केला, फरक नाही. विंडोज नव्याने टाकावं लागेल का? (शिक्षिका, कराड)

उत्तर : मुळीच नाही. आवाजासाठी विंडोज नव्याने टाकायची वेळ क्वचितच येते. तुम्ही बंद करून चालू केला म्हणता, पण 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल (बहुतेक लॅपटॉपवर असतंच), तर शट डाउन करताना विंडोज ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे विंडोजकडून आवाज, ग्राफिक्स असे भाग चालवून घेणारं सॉफ्टवेअर) आपली स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. बिघडलेलं तसंच परत येतं. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून आधी रीस्टार्ट.

फुली गेली नाही तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'खाली बहुधा रिअलटेकचं (आवाजाची चिप बनवणारी कंपनी) नाव असेल. त्यावर डबल क्लिक करा, 'ड्रायव्हर' या टॅबवर जा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. कारण विचारतील, कुठलंही द्या. आधीचा ड्रायव्हर परत बसतो. मग पुन्हा रीस्टार्ट.

त्या यादीत रिअलटेकचं नावच नसेल, तर 'सिस्टिम डिव्हाइसेस'मध्ये पिवळं उद्गारचिन्ह शोधा. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये आवाजाची वाट 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'च्या ड्रायव्हरमधून जाते. तो बिघडला की रिअलटेकचा काही दोष नसताना लॅपटॉप मुका होतो. ऑक्टोबर २०१८मध्ये नेमकं हेच झालं होतं. इंटेलच्या या ड्रायव्हरची एक आवृत्ती विंडोज अपडेटमधून चुकून विंडोज १०च्या अनेक संगणकांवर गेली, आवाज बंद पडले आणि तो ड्रायव्हर काढून टाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टला आणखी एक अपडेट द्यावं लागलं. त्यामुळे 'मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार' हे मनातून काढून टाका.

प्रश्न : रोल बॅकचं बटण करडं आहे, दाबलंच जात नाही. (नांदेड)

उत्तर : म्हणजे जुना ड्रायव्हर विंडोजने जपून ठेवलेला नाही. त्याच खिडकीत 'अपडेट ड्रायव्हर' दाबा. नाव अपडेटचं असलं तरी आपल्याला मागेच जायचं आहे. 'ब्राउज माय कॉम्प्युटर' आणि मग 'लेट मी पिक' निवडलं की संगणकात असलेल्या ड्रायव्हरची यादी येते. तिच्यात 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसलं तर ते घ्या. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर. कंपनीच्या खास करामती त्यात मिळत नाहीत, पण आवाज बहुधा येतो. स्मार्ट साउंडच्या लॅपटॉपवर मात्र तो सहसा लागू पडत नाही.

नाही जमलं, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा, तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक घाला आणि तिथला ऑडिओ ड्रायव्हर उतरवून घ्या. रिअलटेकच्या साइटवर शोधत बसू नका. चिप तीच असली तरी प्रत्येक कंपनी आपल्या स्पीकरप्रमाणे ड्रायव्हरमध्ये बदल करून घेते. आवाज आला की विंडोज अपडेट आठवडाभर 'पॉज' करा, नाहीतर तोच बिघडलेला ड्रायव्हर मागच्या दाराने परत येतो. 'ऑप्शनल अपडेट्स'मधल्या ड्रायव्हरवर तर टिक करूच नका. चालू आवाजाला उगाच नवा ड्रायव्हर देण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. 'पॉज'मध्ये सुरक्षेची अपडेट्सही थांबतात, म्हणून आठवड्यापेक्षा जास्त थांबवून ठेवू नका.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट केला आणि स्पीकर बंद. चिन्हावर फुली नाही, गाणं चालू दिसतं, पण ऐकू येत नाही. (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुमचा आवाज मॉनिटरकडे जातो आहे. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर एचडीएमआयचं (मॉनिटर जोडायची वायर) स्वतःचं आवाजाचं साधन बसतं आणि विंडोज कधी कधी त्यालाच मुख्य ठरवतं. मॉनिटरला स्पीकर नसेल तर शांतता. विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबा (ही सोय विंडोज ११मध्ये आहे) आणि यादीतून आपले स्पीकर निवडा. झालं.

प्रश्न : सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारं मोफत सॉफ्टवेअर मित्राने सुचवलं आहे. घेऊ का? (जळगाव)

उत्तर : नको. 'तुमचे अमुक इतके ड्रायव्हर जुने झाले' अशी भीती घालून पैसे मागणं हा यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा धंदा असतो. जुना म्हणजे बिघडलेला नव्हे.

प्रश्न : अपडेटनंतर आवाज गेला. दुकानदार म्हणतो साउंडची चिप उडाली, मदरबोर्ड बदला. खर्च बराच आहे. खरं कसं ओळखायचं? (निवृत्त कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर : अपडेटच्याच दिवशी चिपही जावी हा योगायोग घडू शकतो, पण मी त्यावर पैसे लावणार नाही. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या. तो कुणाकडून करून घेतलात तरी चालेल. लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा, 'इन्स्टॉल' नको. म्हणजे तुमच्या डिस्कला हात लागत नाही. तिथे आवाज आला तर चिप ठणठणीत आहे, दोष विंडोजमधल्या ड्रायव्हरचा. आला नाही तर लगेच दुकानदाराला खरं मानू नका, कारण काही नव्या लॅपटॉपचा आवाज उबुंटूवर मुळातच चालत नाही. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्याआधीच चालणारी तपासणी असते. तिच्यात आवाजाची चाचणी असेल तर तीही करून बघा.

आणि चिप खरोखर गेली असली, तरी मदरबोर्ड कशाला? यूएसबीचं छोटं साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं. आतल्या चिपशी त्याचा संबंध नसतो आणि विंडोज त्याला आपल्याच ड्रायव्हरवर चालवतं. यूएसबीची एक जागा अडते आणि स्पीकर किंवा हेडफोन बाहेरून लावावे लागतात, एवढंच.